टायगर मॉथ पुन्हा हवेत: कुपवाड ते कराड, कामाच्या नोंदी

विमान: डी हॅविलँड डी.एच. ८२ए टायगर मॉथ. दुपंखी, दोन उघड्या कॉकपिटचं प्राथमिक प्रशिक्षण विमान. इंजिन जिप्सी मेजर १: चार सिलिंडर, उलटं बसवलेलं, हवेने थंड होणारं, १३० अश्वशक्ती. पंखांचा पल्ला २९ फूट ४ इंच, लांबी २३ फूट ११ इंच, रिकामं वजन पुस्तकात १,११५ पौंड म्हणजे ५०६ किलो.

महायुद्धाच्या काळात बेगमपेठ आणि जोधपूरच्या उड्डाणशाळांत आपल्याकडचे वैमानिक याच विमानावर पहिले धडे गिरवत. पुढे कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटग्यांनी आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आलं आणि ही विमानं हवाई दलातून फ्लाइंग क्लबांकडे, तिथून गोदामांत गेली. २०१२ साली हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटने एक टायगर मॉथ पुन्हा उडवलं. पण देशात उडण्याजोगी उरलेली विमानं बोटांवर मोजण्याइतकीच. या नोंदी असंच एक जुनं विमान पुन्हा उडतं करण्याच्या.

जागा: कुपवाड एमआयडीसीतली पत्र्याची शेड. शेवटची जोडणी आणि उड्डाण कराडला. रोज सकाळी नऊला शेडमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता फळ्यावर लिहिली जाते. लाकडाचं, कापडाचं की लोखंडाचं, कुठलं काम हातात घ्यायचं ते त्या आकड्यावर ठरतं. प्रत्येक टप्प्याखाली परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही आहे, ती इथे वेगळी लिहिलेली नाही.

२० नोव्हेंबर २०२२ (२६ अंश, ५२ टक्के)

सगळं कापड उतरवलं. जुनं कापड ओरबाडून काढायचं नाही. बरगडीच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या लाकडी चौकटीच्या, दोन्ही बाजूंनी ब्लेडने कापायचं आणि बरगडीवरची पट्टी टाक्यांसकट तशीच ठेवायची. टाक्यांचं अंतर त्या पट्टीवरच मोजलं: सगळीकडे ३ इंच, प्रॉपेलरच्या झोतात येणाऱ्या भागात दीड इंच. पट्ट्यांवर पंख आणि बरगडीचा क्रमांक लिहून त्या सुतळीने बांधून ठेवल्या. नवं कापड चढवताना याच नकाशाचं काम करतील.

बोल्टची खबरदारी आजच लिहून ठेवतो, कारण पुढे हीच चूक होणार. विमानावरचे आटे बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश जातींचे आहेत. टू-बीए बोल्टची जाडी ४.७ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर ०.८१ मिलिमीटर. आपल्या दुकानात मिळणाऱ्या एम-५ नटचं अंतर ०.८. त्यामुळे एम-५ नट टू-बीए बोल्टवर मजेत फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि ताण आला की आट्यांवरून सरळ निघून येतो. शेडमधून एम-५ चे सगळे नट आज बाहेर काढले. व्हिटवर्थ आणि बीएसएफ पाने जुन्या ऑइल इंजिनांवर काम करणाऱ्या मिस्त्र्यांकडे मिळाले, घासून गुळगुळीत न झालेले तेवढेच घेतले.

४ डिसेंबर २०२२ (२४ अंश, ४८ टक्के)

डावा खालचा पंख. बाहेरून उत्तम. वॉर्निश चकाकतंय, बरगड्या सरळ. मागच्या दांड्याच्या मुळाशी, म्हणजे रिअर स्पार धडाला जिथे जोडतो तिथे, बोटाने टिचकी मारली तर आवाज बद्द. दीड फूट बाहेरच्या बाजूला तीच टिचकी खणखणीत. प्लायचा तुकडा पटाशीने उचलला तर तो न सोलवटता आख्खा सुटून आला. आत डिंकाच्या जागी पांढरट भुकटी, आंबूस वास. बोल्टच्या भोकाभोवती पाऊण इंचापर्यंत लाकूड काळं पडलेलं, नखाने उकरलं तर कापूर चुरावा तसं चुरतंय.

कारणं तीन, एकात एक गुंतलेली. मूळ डिंक केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरडा असेतो तो पक्का असतो, ओल लागली की बुरशीला आयतं खाद्य. दुसरं, पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला ठेवलेली भोकं कुणीतरी नंतरच्या रंगकामात बुजवून टाकली होती. पाणी उताराने मुळाशी येऊन साचत राहिलं. तिसरं, बोल्टला गंज चढला आणि त्या गंजानेच भोवतालचं लाकूड खाल्लं.

उजवा खालचा पंख उघडायचाच, त्यावर चर्चा नको. वरचे दोन्हीही.

१८ डिसेंबर २०२२

उजव्या वरच्या पंखाच्या पुढच्या दांड्यावर, बाहेरच्या स्ट्रटपासून (वरच्या-खालच्या पंखांमधल्या खांबापासून) चार इंचांवर, आडवी रेघ. पेन्सिलची असावी इतकी बारीक. टॉर्च समोरून धरला तर दिसत नाही, लाकडाला चिकटवून आडवा धरला की रेशांच्या काटकोनात नागमोडी सुरकुती दिसते. हा दाबाने झालेला भंग. कधीतरी पंखाचं टोक जमिनीला टेकून विमान गरकन फिरलं असणार. लाकडाच्या रेषा अशा दुमडल्या की ओढ सहन करण्याची ताकद जवळपास संपते. याला डागडुजी नाही, तो भाग कापून नवा जोड.

वॉर्निशवर वॉर्निश चढवलेल्या पंखात ही रेघ कधीच दिसली नसती. म्हणून ठरवलं: दांड्यांवरचं सगळं जुनं वॉर्निश तासून काढायचं. तीन आठवडे जास्त जातील.

८ जानेवारी २०२३ (२१ अंश, ४१ टक्के)

सिटका स्प्रूसच्या फळ्या आल्या. निवडीचे नियम: रेषांचा तिरपेपणा १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त नको, इंचाला वाढीची निदान ६ वलयं, गाठ, राळेची खाच, निळसर डाग चालणार नाही. अकरापैकी चार फळ्या बाद. बाकीच्या शेडमध्ये फटी ठेवून रचल्या आहेत, मोजमापात ओल १३ टक्के. १० वर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

इथे येणारा प्रत्येक सुतार विचारतो, सागवान का नाही? सागवान जड, आणि त्यात तेल. डिंक त्याला वरवर धरतो आणि दगा देतो. घराच्या दारात सागवानाला तोड नाही, पंखात त्याचं काम नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला मात्र हा प्रश्न पडला नाही. त्याने फळी कानाशी धरून टिचकी मारली आणि दोन फळ्या बाजूला काढल्या. त्या दोन्ही आमच्या बाद चारांतल्याच होत्या.

२२ जानेवारी २०२३ (१९ अंश, ४३ टक्के)

दांड्याचा पहिला जोड. तिरपा छेद १ ला १२: दांड्याची खोली जिथे ४ इंच, तिथे छेदाची लांबी ४८ इंच. रंध्याचं पातं प्रत्येक चार हातांनंतर परजलं. सँडपेपर अजिबात नाही, कारण त्याची धूळ रेशांची तोंडं बुजवते आणि डिंक आत शिरत नाही. दोन्ही पृष्ठं एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरली, फट दिसेनाशी होईपर्यंत तासली.

डिंक रेझॉर्सिनॉल जातीचा, जांभळट तपकिरी. वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून मिसळायचा, अंदाजाने नाही. दोन्ही पृष्ठांवर लावायचा, शिकंजे मधून बाहेर आवळत जायचे. कडेने डिंकाचे मणी सारखे फुटले म्हणजे दाब सारखा. शिकंजा अतिरेकाने आवळला तर सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

हा डिंक २० अंशाच्या खाली नीट पिकत नाही. कुपवाडला जानेवारीत पहाटे १४-१५ असतात. म्हणून जोडावर थर्माकोलची पेटी, आत १०० वॅटचे चार बल्ब, दोन्ही टोकांना थर्मामीटर. पेटीत पाण्याचं भांडंही ठेवायचं, नाहीतर बल्बच्या उष्णतेने लाकूड एका बाजूने सुकून पीळ धरतं.

१२ फेब्रुवारी २०२३

तिसरा जोड वाया गेला.

प्रत्येक मिश्रणातून एक नमुना जोड करून ठेवतो, त्याच पेटीत, त्याच दाबाखाली. शिकंजे सुटल्यावर तो नमुना पाचर मारून फोडायचा. फुटलेल्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषा दिसल्या तर डिंक लाकडापेक्षा मजबूत. आजचा नमुना डिंकाच्या रेघेत सरळ उघडला, दोन्ही बाजूंना चकचकीत जांभळा थर. शनिवारी रात्री दोन ते पाच वीज गेली होती, पेटी १५ अंशावर उतरली. सकाळी वीज परत आली, थर्मामीटर २४ दाखवू लागला, आणि नमुना नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

डिंक एकदा अर्धवट पिकला की नंतरच्या उष्णतेने सुधारत नाही. जोड कापून टाकला, साडेचार फूट स्प्रूस गेलं. आता पेटीला इन्व्हर्टर आणि कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर.

मार्च ते मे २०२३

वरच्या पंखांचे दांडे पूर्ण. ३१ बरगड्या दुरुस्त, ९ नव्या. एप्रिलमध्ये शेड ३९ अंशांवर गेल्यावर डिंक वाटीतच आळायला लागला. तेव्हापासून डिंकाचं काम पहाटे साडेपाच ते आठ.

२५ जून २०२३ (२७ अंश, ८४ टक्के)

पाऊस लागला. फळ्यावर ८४. लाकडाचं कपाट बंद, आता दसऱ्यापर्यंत लोखंड.

धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पुढचा आणि मागचा असे दोन भाग बोल्टने जोडलेले. मागच्या भागात तळाच्या नळीवर उंदरांचं बिऱ्हाड होतं. उंदराच्या मुताने पोलाद किती खाल्लं जातं हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. नळीला वरून रंगाचा पापुद्रा शाबूत, खालून सुईच्या टोकाएवढे खड्डे. अल्ट्रासॉनिक गेजने दर दोन इंचांवर जाडी घेतली. २२ इंचांचा तुकडा बदलावा लागला. जोडाच्या आत नळीची बाही, टोकं तिरपी कापलेली, म्हणजे वेल्डिंगचा कडा एकाच वर्तुळात येत नाही.

बंद नळ्यांत आतून गंज येऊ नये म्हणून बारीक भोक पाडून गरम जवसाचं तेल आत सोडलं, सांगाडा सगळ्या बाजूंनी उलटापालटा केला, दोन दिवस निथळू दिलं आणि भोकं वेल्डिंगने बुजवली. हे शंभर वर्षं जुनं तंत्र आहे. अजून याहून बरं काही हाती लागलेलं नाही. नंतर कुठे बारीक चीर गेली तर तिथे तेलाचा डाग उमटतो, हा वरचा फायदा.

१६ जुलै २०२३

लॅटरल टाय रॉड. खालच्या दोन पंखांची मुळं धडाखालून एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या या आडव्या पोलादी सळया. पंखांची सगळी ओढ यांच्यावर. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा पंख हवेतच गेला, दोघे दगावले. तपासात या सळयांच्या आट्यांत आधीपासून वाढत आलेल्या थकव्याच्या चिरा सापडल्या. यांचं ठरलेलं आयुष्य २,००० उड्डाणतास किंवा १८ वर्षं, जे आधी येईल ते. आमच्या सळयांचा कुठलाच कागद नाही. म्हणजे आयुष्य शून्य धरायचं.

तरी कुतूहल म्हणून जुन्या सळया चुंबकीय चूर्णाच्या चाचणीला दिल्या. फौंड्रीच्या पट्ट्यात राहण्याचा हा लाभ, चाचणी दोन किलोमीटरवर होते. एका सळईत नट जिथे संपतो तिथल्या पहिल्या आट्याच्या मुळाशी अतिनील दिव्याखाली हिरवी बारीक कोर उजळली. पाव घेराची. भिंगाखाली साध्या उजेडात तिथे काहीच दिसत नाही.

नव्या सळया इंग्लंडमधल्या डक्सफर्डला डी हॅविलँड सपोर्टकडे, म्हणजे या विमानाच्या प्रकार-दाखल्याची (मूळ आराखड्याला मिळालेल्या मंजुरीची) जबाबदारी सांभाळणाऱ्यांकडे, विचारून मान्यताप्राप्त कागदांसह मागवल्या. सळई टर्नरकडून करून घेणं सहज शक्य आहे. ती इथे करायची नाही.

६ ऑगस्ट २०२३ (२६ अंश, ८८ टक्के)

प्लेटिंग. कडक पोलादाचे भाग प्लेटिंगआधी आम्लात बुडवले की हायड्रोजन पोलादात शिरतो आणि भाग आतून ठिसूळ होतो. आज कसलेला बोल्ट परवा आपोआप तुटतो. उपाय: प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत १९० अंशाच्या भट्टीत. एका प्लेटिंगवाल्याने पहिली खेप दुसऱ्या दिवशी भट्टीत घातली आणि विचारल्यावर तेही प्रामाणिकपणे सांगितलं. खेप भंगारात, ३८ बोल्ट. आता आमचा माणूस घड्याळ घेऊन तिथे बसतो.

३ सप्टेंबर २०२३

इंजिन उघडलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १४०. चारपैकी दोन सिलिंडर लंबगोल झालेले. क्रँकशाफ्ट चाचणीत निर्दोष.

उलट्या इंजिनाचा स्वभाव ओळखून राहावं लागतं. सिलिंडर खाली, क्रँक वर. उभं राहिलं की तेल रिंगांमधून झिरपून ज्वलनकक्षात साचतं. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन न दबणाऱ्या तेलावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून प्रॉपेलर हाताने पूर्ण फिरवायचा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, प्लग काढून तेल सांडू द्यायचं. आणि रॉकरच्या (झडपा उघडणाऱ्या भागांच्या) झाकणांत तेल वेगळं, हाताने भरावं लागतं. पंपाचं तेल तिथे पोचत नाही. हे न कळल्यामुळे कोरडे झालेले रॉकर आमच्या इंजिनात दोन निघाले.

२४ सप्टेंबर २०२३

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र. बाकावर मोटरने फिरवला, ठिणगी निळी, कडक. वीस मिनिटांनी पिवळी, पंचविसाव्या मिनिटाला बंद. थंड केला की पुन्हा सुरू. कॉइलमधली जुनी लाख उष्णतेने पातळ होते, वेढे आतल्या आत भिडतात. थंड इंजिनावर केलेली मॅग्नेटोची तपासणी म्हणून बिनकामाची. दोन्ही कॉइल नव्याने गुंडाळायला दिल्या. मोटर रिवाइंडिंगवाल्यांनी सुरुवातीला होकार दिला होता, केसाहून बारीक तार पाहून परत केल्या. ते बरंच झालं. नव्या कॉइल बाकावर तासभर फिरवून, वर हेअर ड्रायरने ७० अंशांपर्यंत तापवून पाहिल्या.

१४ जानेवारी २०२४ (२० अंश, ३९ टक्के)

खालचे पंख पूर्ण. आता इंधनटाकी. ती वरच्या पंखांच्या मधोमध, १९ गॅलन म्हणजे ८६ लिटर. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. शिवणीला तीन ठिकाणी पाझर. डाग देण्याआधी टाकी वाफेने दोनदा धुतली आणि फक्त डागाची जागा उघडी राहील इतकं पाणी भरलं. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच घातक. कल्हई उडालेल्या जागी आधी कल्हई, मग डाग.

प्रवाहाची चाचणी: पूर्ण थ्रॉटलला ताशी ४५ लिटर धरले, तर दीडपट म्हणजे मिनिटाला १,१२५ मिलिलिटर हवेत. मिळाले ९४०. गाळणी स्वच्छ, कॉक स्वच्छ, नळी सरळ. शेवटी हवा आत घेणारी वरची नळी पाहिली. कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर केलं होतं. काढल्यावर १,३१०. तेव्हापासून शेडमधल्या प्रत्येक उघड्या नळीला लाल कापडाची गुंडी.

पेट्रोल पंपावरचं चालणार नाही. त्यात आता इथेनॉल असतं, तेही बहुधा आपल्याच भागातल्या कारखान्यांचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या सीलला आणि लुकणाला फुगवतं. एव्हीगॅस १००एलएल, म्हणजे शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल, लागेल. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत काढायला सुरुवात केली, त्यामुळे आयातीवरचं अवलंबन कमी झालं. त्यातलं शिसं ५.२५ ला १ एवढ्याच दाबाच्या या इंजिनाला गरजेपेक्षा जास्त आहे. प्लग वारंवार साफ करावे लागणार, हे मान्य करून चाललोय.

१७ मार्च २०२४ (३१ अंश, ३० टक्के)

कापड चढवायला सुरुवात. मुळात आयरिश लिनन असे, आम्ही पॉलिएस्टर घेतलं, ५० मीटर. लिननला इथला उन्हाळा आणि पावसाळा आलटून पालटून सोसत नाही. आवळायचं इस्त्रीने: पहिला हात १२१ अंश, शेवटचा १७७. इस्त्रीवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. आमची इस्त्री १७७ वर ठेवली तर तळ १९८ दाखवत होता. बरंच वर गेलं तर कापड आवळायचं सोडून सैल पडतं आणि मग ते फेकायचंच. इस्त्री एका जागी न थांबता, समोरासमोरच्या बरगड्यांमध्ये आळीपाळीने. एकाच कडेने आवळत गेलो तर मागची कड धनुष्यासारखी वाकते.

टाके मेण लावलेल्या दोऱ्याने, दोघांनी मिळून: एक वर, एक खाली, लांब सुई आरपार. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी ओळ उसवत नाही. एका पंखाला चार दिवस.

१२ मे २०२४ (सकाळी ३४ टक्के, दुपारी चारला ७९)

डोपचा, म्हणजे कापडावर द्यायच्या सेल्युलोजच्या लेपाचा, पहिला हात नायट्रेटचा, कापडात मुरण्यासाठी. वर ब्युटिरेट, न आवळणाऱ्या जातीचं, कारण कापड इस्त्रीने आधीच आवळलंय. आवळणारं डोप घातलं तर बरगड्या मोडतील.

तीनला दुसरा हात सुरू केला. चारला वळीव आला. दहा मिनिटांत उजव्या वरच्या पंखावर, डोप ओलं होतं तेवढ्या भागावर, ताकाचा शिपका मारावा तसे पांढुरके ढग. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि सेल्युलोज थरातून फुटून बाहेर पडतं. नुसता रंग जात नाही, थराची ताकद जाते. वरून दुसरा हात देऊन झाकणं म्हणजे स्वतःला फसवणं. मंद उडणारं थिनर फवारून तो थर पुन्हा विरघळवला. दोन फूट भाग विरघळला नाही, तिथे कापडापर्यंत उतरवून काढला.

नियम: ६५ टक्क्यांच्या वर डबा उघडायचा नाही, आणि मे महिन्यात दुपारी दोननंतर मुळीच नाही. नैर्ऋत्येला ढग चढले की फळा काय म्हणतो ते विचारायचं नाही.

२७ ऑक्टोबर २०२४

पाऊस उघडला. ॲल्युमिनियम मिसळलेले दोन हात दिले. ऊन कापडापर्यंत पोचू न देणं हे त्यांचं काम. पंखाच्या आत दिवा धरून पाहिला, उजेड आरपार येत नाही म्हणजे थर पुरला. मग पिवळा रंग. पाणी निथळायची भोकं प्रत्येक खणाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, विमान शेपटीवर उभं असताना जो खालचा तो बिंदू. रंगानंतर प्रत्येक भोकातून काडी घालून खात्री केली.

५ जानेवारी २०२५

कुपवाडहून कराड, आष्टा आणि पेठ नाक्यावरून. पंख पुढच्या कडेवर उभे, गादी लावलेल्या घोड्यांत. गाळपाचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, म्हणून निघालो रात्री एकला. खर्च झालेली एकमेव वस्तू म्हणजे एक पुठ्ठा.

कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पासाठी १९५५ च्या सुमारास झाली. उंची सुमारे १,९०० फूट. मे महिन्यात ४० अंशाला इथली हवा ५,३०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, थंडीत सकाळी १८ अंशाला २,७०० इतकी. १३० अश्वशक्तीला हा फरक फार मोठा. पहिलं उड्डाण फेब्रुवारीत, सूर्य वर यायच्या आत. मागे ढकललं गेलं तर थेट नोव्हेंबर.

१२ जानेवारी २०२५

पंखांना ताणून धरणाऱ्या तारा आवळणं. आधी धड पाणसळीत, आडवं आणि उभं. मग फक्त मधला भाग, टाकीसकट, ओळंबा सोडून चौरस. तो अर्धा अंश वाकडा राहिला तर पुढचं सगळं वाकडंच बसतं आणि कुठल्याच तारेने सुधारत नाही. मग पंख. तारांच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, त्यामुळे तार फिरवली की दोन्हीकडून आवळते. टोकाच्या भोकात पिन घालून पाहायची: आरपार गेली तर आटे पुरेसे धरलेले नाहीत. तारांचा छेद चपटा आहे, धार वाऱ्याच्या दिशेला हवी. तिरपी राहिली तर हवेत थरथरते आणि मुळाशी तुटते.

शेवटी सममिती: शेपटीच्या खांबापासून दोन्ही बाहेरच्या स्ट्रटपर्यंत फीत. फरक ४ मिलिमीटर. चालेल.

वजन तीन काट्यांवर घेतलं, मार्केट यार्डातून आणलेले, वैधमापनचा शिक्का असलेले. ५१९ किलो. पुस्तकापेक्षा १३ जास्त. त्यातले पाचेक किलो रेडिओ आणि बॅटरीचे, बाकी रंगाचे. रंगाचा हात सैल सुटला, दुसरं काही नाही.

२६ जानेवारी २०२५

इंजिन चालवलं. चाकांना ठोकळे, शेपूट जमिनीतल्या खुंटीला बांधलेली. तेलाचा दाब ४२ पौंड. मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहिला: फेऱ्यांत घट ५० आणि ७०. उभ्या जागी पूर्ण थ्रॉटलला १,८९०. चाळीस मिनिटं चालवून पुन्हा मॅग्नेटो: तेच आकडे. दोन पुशरॉड नळ्यांच्या बुडाशी तेलाचे थेंब, सील बदलले. सुरुवातीचे तास साधं खनिज तेल, म्हणजे रिंगा बसतील.

शेपटीला मुळात चाक नाही, लोखंडी नालाची घसरपट्टी आहे. गवतावर तीच ब्रेक आणि तीच दिशा. डांबरावर ती नुसती घासते, धरत नाही. म्हणून मान्य बदलातलं फिरतं चाक बसवलं. पण मग ओढ कमी झाली आणि ब्रेक तर नाहीतच, त्यामुळे जमिनीवर हलताना दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक माणूस चालतो. घसरपट्टी तेल लावून पेटीत ठेवली आहे.

९ फेब्रुवारी २०२५ (सकाळी ७.१०, १७ अंश, वारा नाही)

पहिलं उड्डाण, २२ मिनिटं. प्रॉपेलर उलट्या दिशेचा असल्याने धावताना नाक उजवीकडे जातं, डावा पाय द्यावा लागतो. वैमानिकाला हे आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं होतं, कारण त्याची अलीकडची सवय उजव्या पायाची. चढण ताशी ६६ मैलांवर समाधानकारक. तेलाचा दाब ४०. स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेच्या उघडणाऱ्या पट्ट्या) दोन्ही एकदम उघडले. तक्रार एकच: डावा पंख जड, वैमानिकाच्या हातातला दांडा सतत उजवीकडे धरावा लागतो.

उतरल्यावर सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. डावीकडची पुढची लँडिंग तार (जमिनीवर पंखाचा भार धरणारी) सैल निघाली, नवं लाकूड फिटिंगखाली बसलं असणार. आवळली. डाव्या बाहेरच्या खणातल्या इन्सिडन्स तारांना (पंखाचा कोन ठरवणाऱ्या) अर्धा वेढा, पंखाची मागची कड किंचित खाली.

१६ फेब्रुवारी २०२५

दुसरं उड्डाण, ३५ मिनिटं. पंख सरळ. तेल पाऊण लिटर खाल्लं, सध्या ठीक.

२० एप्रिल २०२५ (३८ अंश, १९ टक्के)

उड्डाण बंद, देखभाल. प्रॉपेलर लाकडी, थरांचा. जानेवारीत बोल्ट आवळले तेव्हा आर्द्रता ४६ होती. आज टॉर्क पाना लावला तर एकूणएक बोल्ट पाव ते अर्धा वेढा फिरला. लाकूड आकसलं. असंच चालवलं असतं तर हबवर घासून लाकूड जळकट झालं असतं आणि मग बोल्ट तुटले असते. पुन्हा समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, टोकांची फिरण्याची पातळी मोजली, फरक १.५ मिलिमीटर. प्रॉपेलर आडवा करून ठेवला. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो.

पाऊस लागला की हेच उलटं: लाकूड फुगेल, बोल्ट तेवढेच राहतील आणि हबखाली लाकूड चेंगरेल. पुढची तपासणी तारखेवर ठेवलेली नाही. मृगानंतर फळ्यावर सलग आठ दिवस ८० च्या वर आकडा दिसला की नवव्या दिवशी बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचे.